न हलणारा काटा

सावंतवाडी,
९ एप्रिल २०२५

ती. मामा आणि मामी यांस,
सप्रेम जयभीम.

यंदा जयंतीला येता येणार नाही, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते. म्हणजे मामीला फुगायचं ते आत्ताच फुगून होईल आणि पुढचं पत्र शांतपणे ऐकता येईल. परीक्षा सुरू आहेत आणि आमच्या विभागात आम्ही दोघंच. रजा मागायची सोय नाही.

माझी घरमालकीण परवा विचारत होती, "खिशात फोन असताना पत्र कसली लिहिता हो मॅडम?" मी सांगितलं, मी चौथीत असताना माझ्या मामाला पाटीवर अक्षरं शिकवली, आणि शिकायला बाहेर पडले तेव्हा फी म्हणून महिन्याला एक पत्र मागितलं. फोनवर आमचं नुसतं "जेवलीस का, जेवलो" एवढंच होतं. खरं बोलणं कागदावर. आणि पत्राच्या शेवटी मामीची एक ओळ असतेच, तिच्या वाकड्या अक्षरातली. तेवढ्या एका ओळीसाठी मी पाकीट फोडते. रागावू नका.

कागद तुमच्या शिकवणीप्रमाणे पाठकोराच आहे. कॉलेजात झेरॉक्सचे वाया गेलेले गठ्ठे पडलेले असतात, त्यातला उचलला.

आता काम. गावाकडून येणाऱ्या मुलांसाठी आम्ही छोटी पुस्तिका काढतोय. शास्त्रातला एक शब्द, त्याचा अर्थ, आणि तो शब्द घरात, बाजारात, शेतात कसा वापरतात त्याची वाक्यं. माझ्या वाट्याला 'समतोल' आला आहे. पुस्तकातला अर्थ असा: "दोन विरुद्ध बळे एकमेकांस पुरी पडल्याने वस्तू स्थिर राहते ती अवस्था." हे वाचलं की मागच्या बाकावरची मुलं डुलक्या घेतात. म्हणून तुमच्याकडे आले. पन्नास वर्षं तराजू दुरुस्त करणाऱ्या माणसाला या शब्दाबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, आणि तुमचे कान किती तिखट आहेत ते अख्ख्या वालूरला माहीत आहे. बाजारात कोण, कधी, काय म्हणतं ते ऐकून लिहा.

बाकी इकडे नवीन काही नाही.

तुमची,
शीला


वालूर,
२१ एप्रिल २०२५

चि. धम्मशीला हिस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र पावलं. दुकानात स्टुलावर बसून दोनदा वाचलं, पुढून न मागून. जयंती जोरात झाली. मिरवणूक आपल्या दुकानापुढं अर्धा तास थांबली, तेवढ्या वेळात तीन माणसं काटे दुरुस्तीला टाकून गेली. मी म्हटलं, आज सुट्टी आहे बाबांनो. तर म्हणाले, "ठुवून तर घ्या, दुरुस्त कवा बी करा."

तुझ्या शब्दासाठी आठवडाभर कान उघडे ठेवून बसलो. पहिली गोष्ट लिहून घे. वालूरच्या बाजारात समतोल असं कोणी म्हणत नाही. सगळे बॅलन्स म्हणतात. तो मोबाईलात असतो आणि कायम संपलेला असतो.

समतोल हा शब्द आठवड्यात तीनदाच ऐकला. एकदा दवाखान्यातल्या नर्सबाईकडून, समतोल आहार. एकदा माईकवरून, सर्व समाजांचा समतोल साधून तिकीट. तिसऱ्यांदा आपल्या रंगनाथ गुरुजींकडून. गुरुजी पारावर सांगत होते की पोरानं आई न बायको या दोघींत समतोल राखला पाहिजे. मागून त्यांच्या मंडळी आल्या न म्हणाल्या, "आधी तुमी उंबऱ्यातल्या चपला सरळ ठिवा, मग गावाला शिकवा." पार सगळा मोकळा झाला.

पण शब्द नसला तरी वस्तू जागोजाग आहे. व्यंकटराव कडब्याची गाडी भरायले होते. वरून गडी पेंढ्या रचतोय न हे खालून ओरडायलेत, "आरं दोन पेंढ्या फुडं घे, गाडी उलाळ व्हायलीय!" मागं ओझं जास्त झालं की जू वर उचलतं न बैलाचा गळा आवळतो. पुढं जास्त झालं की मानेवर बसतं. मधे एक जागा असते, तिथं बैल अंग न चोरता चालतो. तुझ्या पुस्तकातल्या बळांना गळा नसतो, बैलाला असतो, एवढाच फरक.

भाजीवाली धुरपताबाई टोपल्यात टमाटे तोलत होती. एक शहरी गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, टोपल्याचं वजन टमाट्यात धरताय का?" ती म्हणाली, "धडा केलाय की समोर. डोळे हायत का गोट्या?" धडा म्हणजे रिकाम्या भांड्याच्या वजनाएवढा दगड आधीच दुसऱ्या पारड्यात ठेवायचा, मग माल तोलायचा. आधी रिकाम्याची बरोबरी, मग भरल्याची. हे तुझ्या मुलांना जरूर सांग.

आणि पासंग सांग. तराजूची एक बाजू जन्मतःच हलकी निघाली, तर त्या बाजूला दांडीवर तार नाही तर खडा बांधून बरोबरी करतात. सगळ्यांना दिसेल असा बांधला तर तो पासंग. पारड्याच्या बुडाला मेणानं चिकटवला तर ती लबाडी. रहीमचाचानं मला धंद्यात घेताना पहिल्या दिवशी हेच सांगितलं. तेव्हा मी पोती उचलणाऱ्याचा पोरगा होतो. माझ्या हातचं पाणी न पिणारे लोक पुढं माझ्या हातचा काटा विश्वासानं न्यायला लागले, ते या एका गोष्टीवर.

आणखी एक वाक्य तुला देतो, ते पुस्तकात नाही घातलंस तरी चालेल. कावडीची एक घागर उतरवली म्हणून कावडवाला पडत नाही. तो खांदा जरा सरकवतो न चालू लागतो. जाणाऱ्या घागरीनं त्याची काळजी करायची नसते.

घरचं म्हणशील तर घरचा काटा मधोमध उभा आहे. महिनाभर जागचा हललेला नाही.

तुझा,
चंद्रभान मामा

शीला, इकडे सगळं छान आहे. काळजी करू नकोस. मामी.


सावंतवाडी,
२ मे २०२५

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

तुमची वाक्यं आमच्या विभागप्रमुखांना वाचून दाखवली. बैलाच्या गळ्यापाशी ते थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे मी तीस वर्षं शिकवतोय आणि आज कळलं."

पण रसायनशास्त्रातला समतोल थोडा वेगळा आहे, तो आता मी तुम्हाला शिकवते. पाण्याची बाटली अर्धी भरा, बूच घट्ट लावा आणि फळीवर ठेवा. पाण्याची पातळी वर्षभर तशीच दिसेल. तुम्हाला वाटेल, आत काही घडत नाही. पण आत सतत थोडं पाणी वाफ होऊन वर जातं आणि तेवढीच वाफ परत पाणी होऊन खाली येते. जाणारं आणि येणारं सारखं, म्हणून पातळी तीच. दिवाळीत सेलूच्या स्टँडवर बघा, जेवढे चढतात तेवढेच उतरतात आणि गर्दी तेवढीच राहते. पण त्या गर्दीत एकही माणूस स्थिर नसतो. म्हणजे समतोल म्हणजे थांबणं नव्हे. दोन्ही बाजूंनी येणंजाणं चालू असतं.

आता घागर. मामा, जाणारी घागर म्हणजे मी, हे कळायला मला रसायनशास्त्र लागलं नाही. कुठलं स्थळ बघितलंय? मागच्या वेळी तो जिंतूरचा क्लार्क होता, जो माझ्या पगाराचा आकडा दोनदा विचारून गेला. असला काही विषय असेल तर सरळ लिहा. घागरी, कावडी मधे आणू नका.

आणि आता खरं बोलू.

मी सहावीत होते. शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची. एका किराणावाल्याने तराजू आणला आणि म्हणाला, "फर्स्टक्लास आहे, काटा बघा कसा मधोमध उभा आहे." तुम्ही डब्यातून ज्वारीचा एक दाणा काढून पारड्यात टाकलात. काटा हलला नाही. दुसरा टाकलात, मूठभर टाकलीत, तरी हलला नाही. मग तुम्ही माझ्याकडे बघून रहीमचाचांचं वाक्य त्यांच्याच बोलीत म्हणालात, "काटा खडा है करके खुश नक्को हो. दाना डाल के देख." खरा काटा नुसत्या फुंकरीने हलतो आणि परत मधे येतो. न हलणारा काटा म्हणजे गंजलेला काटा.

तुम्ही लिहिता, घरचा काटा महिनाभर जागचा हललेला नाही.

आणि मामीची ओळ. अक्षर वाकडं काढायला तुम्ही बरेच कष्ट घेतलेले दिसतात. पण मामा, मामीने बारा वर्षांत तुमची तक्रार केल्याशिवाय एकही ओळ लिहिलेली नाही. "यांनी चहात साखर दोनदा घातली." "यांनी दुकानाची किल्ली डाळीच्या डब्यात ठिवली." तिला "सगळं छान आहे" लिहिता येतं हेच मला माहीत नव्हतं. फोन केला की ती झोपलेली असते नाहीतर दळणाला गेलेली असते. दोन माणसांच्या घरात एवढं दळण लागत नाही.

मामीची ओळ मामीच्या हातची हवी. आठ दिवसांत.

शीला


वालूर,
११ मे २०२५

चि. शीला हिस,
आशीर्वाद.

चोर पकडलास. मीच शिकवलेल्या दाण्यानं मलाच तोललंस. राग नाही आला. उलट तेवढा कागद धुरपताबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पोरगी तुमच्यावरच गेलीय, आता भोगा."

खरं लिहितो. मामीच्या उजव्या मनगटाला जरा मार लागलाय. न्हाणीत पाय घसरला. सेलूला नेऊन प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी निघेल. एवढंच आहे. तिनं स्वतःच सांगितलं होतं की पोरीला कळवू नका, परीक्षेत तिचं लक्ष उडेल. म्हणून तिची ओळ मी लिहिली. बाई माझ्याजवळ बसून होती न सांगत होती, "लिवा, तुजा मामा भाजीत मीठ टाकायचं इसरतो." मी ते मुद्दाम गाळलं. तिथं फसलो.

आता तुझी पाळी.

तू म्हणालीस, पाठकोरा कागद आहे. तुझ्या एप्रिलच्या पत्राची पाठ कोरी नव्हती, शीला. म्हणजे काही छापलेलं असतंच, ते मी नेहमी वाचतो. कधी कॉलेजची नोटीस असते, कधी प्रश्नपत्रिका. मागं एकदा तुमच्या स्नेहसंमेलनाचा जेवणाचा बेत आला होता, तो मामीला वाचून दाखवला तर तिनं सोलकढी म्हणजे काय ते तीन जणांना विचारलं. या वेळी मागं फिकट झेरॉक्स होती. इंग्रजी. मी रंगनाथ गुरुजींकडं नेली. त्यांनी वाचून सांगितलं. बेंगळूरची मोठी संस्था, संशोधनासाठी तुझी निवड, तीन वर्षं, आणि मान्य असेल तर पंधरा जूनच्या आत कळवावे.

तू तुझ्या पत्रात काय लिहिलंस? "बाकी इकडे नवीन काही नाही."

मी म्हटलं पोरगी पुढच्या पत्रात सांगेल. पुढच्या पत्रात तू मला बाटली शिकवलीस न जिंतूरचा क्लार्क आणलास. बाई, मी स्थळाचं काहीच बघत नव्हतो. घागर बेंगळूरला जाणारी होती.

तुझी आई, माझी चांगुणा, गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तेव्हापासून तू आमच्या घरात काही मागितलं नाहीस. सहलीचा कागदसुद्धा दप्तरात लपवून ठेवायचीस न सहल गेल्यावर दाखवायचीस. आता तीस वर्षांची झालीस तरी सवय तीच. पारड्याच्या बुडाला मेणानं काय चिकटवलंयस ते मला दिसतंय. आम्ही दोघं म्हातारे झालोत, एवढंच ना?

आधी बेंगळूरला हो म्हणून कळव. मामीचं मनगट मनगटाच्या वेळानं बरं होईल.

तुझा,
मामा

(ही ओळ मामी डाव्या हातानं लिहिणार होती. अंगठ्याएवढी शाई सांडून उठली. खाली डाग आहे तो तिचाच, खोटा नाही.)


सावंतवाडी,
१८ मे २०२५

मामा,

काल कुसुमकाकूंना फोन केला. शेजारी असून त्यांनी मला आपणहून का कळवलं नाही, असं विचारलं. तर रडायलाच लागल्या. "तुझ्या मामानं शपथ घातली गं बाई. मनगटाचं काय घिऊन बसलीस? तुझी मामी भिंत धरून चालायलीय. दोन म्हयन्यात तीनदा पडलीय. कूस बदलली तरी घर गरगर फिरायलंय म्हणती, न वर फळीकडं बघितलं की खाली बसती."

न्हाणीत पाय घसरला?

मला तुमच्यावर रागावता येत नाही, म्हणून या पत्रात नुसती माहिती लिहिते. दोन महिने चक्कर येणाऱ्या बाईला तुम्ही मनगटापुरतं सेलूला नेलंत आणि चक्कर डॉक्टरांना सांगितली नाहीत. तुमच्यासारखा माणूस हे विसरत नाही. का नाही सांगितलंत ते मला माहीत आहे. आईलाही आधी चक्करच यायची.

प्रात्यक्षिक परीक्षा तीस तारखेपर्यंत आहेत, मला तोवर हलता येत नाही. म्हणून सौदा करते. बेंगळूरला नाही म्हणून लिहिलेलं पाकीट माझ्या टेबलावर आहे. हो म्हणून लिहिलेलं पाकीटही आहे. दोन्हींवर तिकीट लावलंय. तुम्ही मामीला परभणीला कानाच्या डॉक्टरकडे न्या. डोक्याच्या नाही, कानाच्या. शरीराचा तोल कानात सांभाळला जातो. कान नुसते ऐकायला नसतात, तुमचेसुद्धा. तिथून सांगतील तर पुढे डोक्याचंही दाखवू. जे काय निघेल ते मला खरं लिहा, न गाळता. मग मी दोनातलं एक पाकीट पेटीत टाकेन. तोवर एकही टाकणार नाही.

शीला


वालूर,
२८ मे २०२५

चि. शीला हिस,
आशीर्वाद न जयभीम.

न गाळता लिहितो.

तू लिहिलंस ते खरं आहे. चांगुणाला चक्कर यायला लागली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, उन्हाची येतेय, ताक पी. मग परभणीला नेलं, तिथून मोठ्या गावाला. डोक्यात गाठ निघाली. तिसऱ्या महिन्यात ती गेली. तेव्हापासून माझ्या मनानं एक हिशोब धरला होता, शहाण्या माणसानं धरू नये असा. दाखवलं म्हणून निघालं. नाही दाखवलं तर निघणार नाही. मामी पहिल्यांदा पडली त्या दिवशी मी तिला धरून उठवलं न म्हटलं, ऊन लागलं असेल. तोंडातून शब्द गेला न मलाच ऐकू आला. तरी दोन महिने गप बसलो. बेंगळूरला जाताना तुझा पाय अडू नये, हे कारण नंतर सापडलं. ते सोयीचं होतं. खरं कारण हे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मामीपुढं मोठ्यानं वाचलं. पहिल्यांदाच तिला काही न गाळता वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग? उद्या निघायलाव का आता मीच एकटी जाऊ भिंत धरून?"

गुरुवारी नेलं. रस्त्यात गाडी वळली की मामी माझा दंड आवळायची न मी खिडकीबाहेर बघायचो. पोखर्णीच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "घाम कशाला यायलाय तुमाला? चक्कर मला हाय."

डॉक्टर म्हणजे तुझ्याच वयाची बाई निघाली. तिनं चारच गोष्टी विचारल्या. चक्कर कूस बदलल्यावर येते का? वर बघितल्यावर येते का? किती वेळ राहते? ऐकू नीट येतं का? मग मामीला टेबलावर बसवलं, दोन्ही हातांनी डोकं धरलं, एका बाजूला वळवलं न झटकन आडवं केलं. मामी जी ओरडली! "अगं भवाने, पाडतीस का मला!" डॉक्टरीण हसली, पण डोकं सोडलं नाही. ती मामीचे डोळे बघत होती. डोळे थरथरायले होते, शीला, नव्या तराजूचा काटा थरथरतो तसे. मी दाराशी उभा होतो. चौकट धरून ठेवली.

मग सावकाश डोकं दुसऱ्या बाजूला, मग अंग कुशीवर, मग उठवून बसवलं. झालं. सुई नाही, मोठं मशीन नाही. मी विचारलं, "बाई, गाठ आहे का?" ती म्हणाली, "कसली गाठ? काका, कानाच्या आत चुन्याचे बारीक खडे असतात. त्यांच्यावरून शरीराला वरखाली कळतं. वयानं ते कधीकधी जागेवरून सुटतात न भलतीकडं जातात. मग माणूस स्थिर असला तरी मेंदूला वाटतं घर फिरतंय. मी ते परत जागेवर नेलेत. एक-दोनदा पुन्हा करावं लागेल, कधी परत सुटतीलही, पण यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन महिने का थांबलात?"

 मी पन्नास वर्षं लोकांची वजनं जागेवर बसवली. माझ्या घरातल्या बाईच्या कानातली वजनं सुटली होती न मी काटा मधोमध आहे म्हणून लिहीत होतो.

बाहेर आल्यावर मामीला बाकड्यावर बसवलं न चहा आणतो म्हणून गेलो. चहावाल्यानं विचारलं, "बाबा, कोणी गेलं का?" म्हटलं, नाही रे, कोणीच नाही गेलं. त्यानं पैसे घेतले नाहीत.

काल पुन्हा नेलं, आणखी एकदा केलं. आज सकाळी मामी वर फळीकडं बघून डबा काढायली होती. मी मागं हात धरून उभा. तिनं वळून विचारलं, "काय करायलाव मागं?" म्हटलं, दाणा टाकून बघायलोय. ती जरा हलली, न परत मधे आली.

हेच वाक्य तुझ्या पुस्तिकेत घाल. हलून परत मधे येतो तो समतोल. मी उगीच म्हणत होतो, हलत नाही तो.

आता पाकीट तुझ्या हातात. कुठलं टाक ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तो माझा अंगठा पारड्यावर पडेल.

तुझा,
चंद्रभान मामा

शीला तुज्या मामान मला दोन म्हयने फसवल ऊन लागल म्हनून ताक पाजल मला ताक आवडत न्हाई. डाव्या हातान लिवल. मामी


सावंतवाडी,
८ जून २०२५

ती. मामा आणि मामी यांस,
सप्रेम जयभीम.

मामीची ओळ आमच्या विभागाच्या फलकावर लावावी असं वाटलं. लावली नाही, पाकिटात जपून ठेवली.

मामा, तुम्ही ताकाचं गाळलं होतं. "न गाळता" लिहिताना तेवढं गाळलंत. असो.

पाकिटांची गोष्ट. दोन्ही पाकिटं तीन आठवडे टेबलावर होती आणि येता-जाता मी त्यांच्याकडे बघत होते. एका बाजूला तुम्ही दोघं, दुसऱ्या बाजूला बेंगळूर, आणि माझा काटा अगदी मधे, जराही न हलता. मग माझ्याच लक्षात आलं की हा काटा हलत नाहीये, म्हणजे तो गंजलाय. मी तुम्हाला दोघांना पारड्यात बसवलं होतं, तुम्हाला न विचारता, लहानपणी सहलीचा कागद लपवायचे तसं. तुम्हाला वजन समजले. तुम्ही तर माझी दांडी ज्याला टांगली आहे ती वरची कडी आहात.

पुस्तिकेतली नोंद पूर्ण झाली. ती अशी छापतोय:

"समतोल: दोन्ही बाजूंनी चालू असलेलं येणंजाणं सारखं झालं की दिसणारी अवस्था. समतोल म्हणजे थांबणं नव्हे. वापर: गाडीत पेंढ्या अशा रचाव्यात की बैलाचा गळा आवळणार नाही आणि मानेवर ओझं बसणार नाही. माल तोलण्याआधी रिकाम्या टोपल्याचा धडा करावा. काटा खरा आहे की गंजलेला, हे ज्वारीचा एक दाणा टाकून कळतं."

खाली बारीक अक्षरात लिहिलंय, "वाक्ये: चंद्रभान काटेवाले, वालूर." विभागप्रमुखांनी विचारलं, हे कोण? म्हटलं, माझे विद्यार्थी.

वीस तारखेला येते, आठ दिवस राहते. तोवर मामीचं प्लास्टर निघालेलं असेल, मनगट परत दाखवायला मीच नेईन, आणि त्या डॉक्टरीणबाईंना भेटून येऊ.

कागद पाठकोरा आहे. या वेळी मुद्दाम निवडलाय. पाठ गुरुजींकडून वाचून घ्या. आणि मामी, ते वाचत असताना यांना खाली बसवून ठेव.

तुमची,
शीला


वालूर,
१५ जून २०२५

चि. शीला हिस,
आशीर्वाद.

पाठ वाचली. गुरुजींनी दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा मराठीत. "निवड मान्य असून एक जुलै रोजी रुजू होत आहे," एवढं मी तिसऱ्यांदा त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. धुरपताबाईनं बातमी ऐकून मोफत टमाटे दिले न वर म्हणाली, "न्या, आज धडाबिडा काय न्हाई." कुसुमबाईला शपथेतून मोकळं केलं.

जास्त लिहीत नाही. घरचा काटा जरा हलतोय. परत मधे येईल.

तुझा,
मामा

शीला तुज पत्र आल तवापासून मी भिंत सोडली यांनी धरली. चहा दोनदा गार झाला. लवकर ये. मामी